चार चाकं, चार लिंबं

आमच्या घरी वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकांची रद्दी जास्त निघायची. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे आणि मी घड्या घालायचे. घड्या घालता घालताच वाचायला शिकले. इतर मुलांना बडबडगीतं पाठ होती, तेव्हा मला 'तपासल्याशिवाय मानू नका' पाठ होतं. अशी मुलगी मस्कतला आली, तिनं जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली, आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई त्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायला निघाल्या.

"आई, लिंबं नाहीत ठेवायची," मी म्हटलं.

"मग मी नाही बसायची," त्या म्हणाल्या आणि पिशवी हातात घेऊन मस्कतच्या अल खौद भागातल्या आमच्या पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या.

त्यांच्याकडे पुरावा होता. काश्मीरला त्यांची जीप गुडघाभर बर्फात रुतली होती. त्यांनी चाकापुढे लिंबू ठेवलं आणि जीप निघाली.

"ड्रायव्हरनं चाकांना साखळ्या बांधल्या असतील."

"बांधल्या की. लिंबू ठेवल्यावर."

नवरा वाळवंटातल्या सहलीसाठी डिकीत फावडं ठेवत होता, तो ठेवतच राहिला. शेवटी पैज लागली. गाडी वाळूत रुतली नाही, तर लिंबाचा विषय कायमचा खलास. रुतली, तर दर सहलीला चारही चाकांपाशी मी माझ्या हातानं लिंबू ठेवायचं. मी हो म्हटलं. हीच मी चौथीत असताना चौकात उभी राहून लिंबू-मिरचीविरुद्ध पत्रकं वाटली होती.

बिदियाला, जिथे डांबर संपून वाळू सुरू होते, तिथे चाचा त्यांची गाडी घेऊन थांबले होते. चाचा मूळचे रत्नागिरीचे. मत्रहच्या सुकात, म्हणजे जुन्या बाजारात, त्यांचं कापडाचं दुकान आहे. वाळूत गाडी कशी चालवायची हे मला त्यांनीच शिकवलं. पहिला धडा हवेचा. टायर कडक असला की वाळूत सुरीसारखा घुसतो, हवा काढली की पसरून वर तरंगतो. ब्रेक मारायचा नाही, चढावर चाक वळवायचं नाही, वेग तुटू द्यायचा नाही. सासूबाईंनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बर्फातही अगदी असंच असतं." त्यांना गाडी चालवता येत नाही.

मी एकेका चाकाशी बसून हवा काढू लागले. सासूबाई पिशवी घेऊन मागे मागे.

"अजून वेळ गेलेली नाही हो," पहिल्या चाकाशी त्या म्हणाल्या.

दुसऱ्या चाकाशी म्हणाल्या, "एका लिंबानं तुझ्या बाबांची पत्रकं काही जळत नाहीत."

ते मला लागलं. तिसऱ्या चाकाची हवा काढून मी उठले आणि कारण, परिणाम, योगायोग असं सगळं त्यांना समजावलं. भाषण चांगलं झालं. चाचा तिकडून ओरडले, "यल्ला, चला, ऊन चढतंय." मी तशीच तावातावानं स्टिअरिंगवर जाऊन बसले.

पहिली टेकडी आम्ही चढलो. गाडी होडीसारखी डुलत वर गेली, सासूबाई मागून "अगं बाई, अगं बाई" करत हसत होत्या, आणि मी मनात पैज जिंकून मोकळी झाले. दुसरी टेकडी अर्धी झाली तोच मागचा उजवा कोपरा खाली बसला. मी पाय दाबला. चाक जागीच फिरलं आणि आणखी खोल गेलं.

सासूबाईंनी नुसती पिशवी मांडीवर घेतली.

चाचा चढून आले, चाकाशी वाकले आणि टायरवर थाप मारली. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पोरी, तीन चाकांची हवा काढलीस. चौथ्याचा काय?"

चौथं चाक दगडासारखं कडक होतं.

चाचांनी मान हलवली. "वाळू नरम हाय, असा सांग. सासूला काय कळतंय?"

सोपं होतं. पण खोटं बोलून वाचवलेलं तत्त्व घेऊन मी बाबांशी फोनवर काय बोलणार होते? मी सासूबाईंना सांगितलं, "आई, चूक माझी. भाषणाच्या नादात चौथ्या चाकाची हवा काढायची राहिली. लिंबाचा काही संबंध नाही."

त्यांनी चाक नीट बघून घेतलं. "संबंध कसा नाही? लिंबं ठेवली असतीस, तर चौथ्यापाशी वाकली असतीस. तिथे वाकली असतीस, तर हवा आठवली असती."

नवऱ्यानं फावडं खाली ठेवलं आणि हसत सुटला. चाचा दुसरीकडे तोंड करून हसले. मी फावडं उचललं.

चौथ्या चाकाची हवा काढली, वाळू उपसली, आणि गाडी स्वतःच्याच चाकोरीतून मागे घेत खाली उतरवली. मग पिशवी मागितली, कारण शब्द दिला होता. एक अट मात्र घातली. लिंबू चाकाखाली चिरडायचं नाही, खाण्याची वस्तू आहे. एका चाकाची हवा तपासून झाली की त्याच्यापुढे एक लिंबू ठेवायचं. चार झाली की उचलायची आणि निघायचं. सासूबाईंनी थोडा विचार केला.

"उचललेल्या लिंबांचं काय करायचं?"

"सरबत."

हे त्यांना पटलं. त्या दिवशी तिसऱ्या टेकडीपलीकडे आम्ही ते प्यायलो. त्यात वाळू होती, साखर कमी होती आणि चाचांनी दोनदा मागून घेतलं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चारही चाकं तपासतेस ना?"