मनगटावरची शहाणी पट्टी

आमच्या सावेडीच्या महिला मंडळाचे इतिवृत्त मी लिहिते. इतिवृत्तात जे लिहिता येत नाही, त्याचाच साठा अलीकडे फार झाला आहे. कारण एकच: ती पट्टी!

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली सायली आपल्या प्रोजेक्टसाठी आम्हा वृद्धांच्या मनगटांवर कातडीसारख्या लवचीक पट्ट्या चिकटवून गेली. पट्टीतले सेन्सर नाडी आणि हालचाल टिपतात. कृत्रिम बुद्धिमत्ता त्यावरून अंदाज बांधते, मोबाईल तो मराठीत बोलून दाखवतो आणि कोणी पडले, तर घरच्यांना मेसेजही पाठवतो.

आम्हाला ती गंमत होती. केडगावात एकट्या राहणाऱ्या सिंधुताईंना मात्र धास्ती होती. "आई, एकदा जरी तू पडल्याचा मेसेज आला, तरी तुला पुण्याला घेऊन जाईन," असे त्यांच्या प्रकाशने बजावले होते. सिंधुताईंना घर सोडायचे नव्हते.

*

मूळच्या पुणतांब्याच्या हिराबाईंनी पट्टी मनगटावरून काढून गुडघ्यावर लावली. तिसऱ्या दिवशी सायलीला म्हणाल्या, "लई गुन आला गं! दुसऱ्या गुडघ्याला बी एक दे."

*

सिंधुताई भाकरी थापत होत्या. मोबाईल म्हणाला, "आपण टाळ्या वाजवत आहात. कार्यक्रम आवडलेला दिसतो!"

"कार्यक्रम कसला मेल्या, बारा भाकऱ्या आहेत!"

*

मला माझा मोबाईल म्हणाला, "आपला नाडी जलद चालतो आहे."

मी जुनी मॅट्रिक. म्हटले, "नाडी स्त्रीलिंगी आहे. नाडी चालते!"

सायलीने आलेख पाहिला. "आजी, आता तर आणखी जलद झाली!"

*

श्रावणात सिंधुताईंच्याच घरी मंगळागौरीचे खेळ रंगले. हिराबाईंनी डिवचले, "बसफुगडी जमतीय का अजून?" सिंधुताईंनी पदर खोचला. उकिडव्या बसून, हात धरून, दोघी उड्या मारू लागल्या.

पट्टीला बसफुगडी कोणी शिकवली नव्हती. प्रत्येक उडीला तिने पुण्याला कळवले: "सिंधुताई पडल्या." "सिंधुताई पुन्हा पडल्या." "सिंधुताई पुन्हा पडल्या."

आमच्या गलक्यात फोन कोणाला ऐकू येणार? अडीच तासांत प्रकाश घामाघूम होऊन दारात!

"आई! अकरा वेळा पडलीस!"

"पडले नाही रे, जिंकले!"

"ते काही नाही. बॅग भर." त्याने रिकामी बॅग पुढे केली. सिंधुताईंचा चेहरा उतरला.

खेळ पाहायला आलेल्या सायलीने प्रकाशची अवस्था पाहिली आणि एक नवी पट्टी त्याच्या मनगटावर चिकटवली. तिचा मोबाईल खणखणीत बोलला, "आपले हृदय फार जोरात धडधडत आहे. ताबडतोब बसा. काही दिवस घरच्या माणसांजवळ राहा."

सिंधुताईंनी त्याच्या हातातली बॅग काढून घेतली. "ऐकलंस ना? तुझी खोली झाडलेलीच आहे."