सत्तर वावांवरचा मासा

ठाण्याच्या बाजारात ठमाबाईच्या टोपलीतला मासा कुणी नाकाशी नेऊन बघत नसे. पंचवीस वर्षांत बाईनं शिळं विकलं नाही, आणि दुसऱ्या कुणी विकलं तर त्याचे वाभाडे काढल्याशिवाय ती राहिली नाही. जीभ तिखट, पण नजर पक्की.

तिचा नवरा राघो चोपन्न साली समुद्रातल्या माशांची पाहणी करणाऱ्या सरकारी बोटीवर हंगामी खलाशी म्हणून लागला होता. एका रविवारी तो दहा दिवसांनी घरी आला, मीठ भरलेली एक पुडी चुलीजवळ ठेवली आणि तसाच आडवा झाला. ठमाबाईनं पुडी सोडली. आत वीतभर मासा, लालचुटूक, अंगावर पिवळा पट्टा. पण डोळे खोबणीतून बाहेर आलेले, पोट टम्म फुगून आतडं तोंडाशी आलेलं. असलं कुजकं घरात आणायची या माणसाची हिंमत तरी कशी झाली! कल्ला उघडून बघायचीही तिला गरज वाटली नाही. तिनं तो मागच्या दारी भिरकावला, कावळ्यानं लगेच उचलला. राघो उठताच तिनं त्याची हजेरी घेतली.

राघोनं आधी मागच्या दारी धाव घेतली, मग तिला सगळं सांगितलं. मासा कुजका नव्हताच. सत्तर वाव, म्हणजे चारशे फुटांहून खोल, खडकात राहणारी जात ती. एकदम वर ओढलं की पाण्याचा भार सुटतो आणि बिचाऱ्याचं पोट असं फुगतं. बोटीवर आला तेव्हा चांगला तडफडत होता. बोटीवरच्या साहेबांनी असा मासा आजवर पाहिला नव्हता. कचेरी बंद, म्हणून एक दिवस सांभाळायला विश्वासानं राघोकडे दिलेला. तो नीट पोचला की नोकरी कायम.

ठमाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. इतका ताजा मासा, आणि तो तिनं, ठमाबाईनं, सडका म्हणून फेकला!

सोमवारी ती हट्टानं राघोबरोबर मुंबईच्या कचेरीत गेली. खरं काय ते आपणच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत राघो बोलून गेला.

“साहेब, भूक आवरली नाही. भाजून खाल्ला मी.”

 ठमाबाई मध्ये बोलायला गेली तर राघोनं तिचा हात घट्ट दाबला. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

बाहेर येताच ती उखडली. हातची नोकरी घालवलीस, खरं सांगितलं असतं तर साहेबांनी समजूनही घेतलं असतं.

“बोटीवर निम्मी माणसं ठाण्याचीच,” राघो म्हणाला. “मी खादाड ठरलो तरी चालेल गं. पण ठमाला मासा कळत नाही, असं बाजारात कुणी म्हणालेलं मला नाही ऐकायचं.”