हत्तीचे बूट

टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या बिल्डिंगखाली सिंधूकाकूंची सायकल लांबूनही ओळखू येते. पुढच्या टोपलीत कांद्याची पात नसली, तर चित्रांची पुस्तकं असतात.

काकू मुलुंडच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. बँकेने सुरेशकाकांना ओसाकाला पाठवलं, तेव्हा त्यांना जपानीचा एक शब्द येत नव्हता. बाजारात भाजीवालीशी आणि मासेवाल्याशी घासाघीस करत त्या शिकल्या, त्यामुळे त्यांची जपानी अस्सल ओसाकाची. काकांची टोकियोला बदली झाली, तरी काकू तशाच बोलतात, आणि तेही मोठ्याने. इकडचे लोक चमकून बघतात, ते साडीमुळे नव्हे, त्या बोलीमुळे. काकूंना त्याची मोठी गंमत वाटते.

माझ्याकडे मात्र कोणी वळून पाहिलं की मी आवाज खाली आणते. त्यात माझ्या लेकीची, आर्याची काळजी. एप्रिलमध्ये ती बालवाडीत जायला लागली आणि पानगळ सुरू झाली, तरी तिथे तिने तोंड उघडलं नव्हतं. घरी बाहुल्यांना जपानीत दम द्यायची, तिथे गप्प. बाई हसून म्हणायच्या, वाट बघू. माझा नवरा अंबरीष म्हणायचा, बोलेल गं, आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालायचा.

त्या बालवाडीत आयांनी पाळीपाळीने येऊन मुलांना चित्रपुस्तक वाचून दाखवायची पद्धत आहे. माझी पाळी आली. वाचनालयात 'वेगळं असणं' या विषयावरची दिसली तेवढी पुस्तकं मी उचलून आणली आणि कुठलं निवडू, हे विचारायला काकूंकडे गेले.

चहा उकळेपर्यंत त्यांनी सगळी चाळली. निळा कावळा वाट चुकलेल्यांना घरी आणतो, लांब कानांच्या मांजराला चोराची चाहूल लागते, पट्टे नसलेला झेब्रा सिंहाला फसवतो. शेवटच्या पानावर सगळे त्याला आपल्यात घेतात.

"म्हणजे आधी पराक्रम करा, मग घेऊ," काकू म्हणाल्या. "आर्याने काय रोज सिंह फसवायचा?"

मी म्हटलं, निदान शेवट तरी गोड आहे.

"गोड आहे गं. पण मी ओसाकात कुठला सिंह फसवला? मासेवाल्याने बाकावरची टोपली उचलली, मी तिथे बसले. झालं."

आठवडाभरात त्यांनी स्वतःच पुस्तक केलं, ड्रॉइंग पेपर दोऱ्याने शिवून. सशांच्या बालवाडीत हत्तीचं पिल्लू येतं. त्याचे बूट दाराजवळच्या कप्प्यात मावत नाहीत. एक ससा छत्र्यांचा स्टँड जरा सरकवतो, बूट तिथे राहतात, आणि सगळे डबा खायला बसतात.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय, डबे पुसून ठेवतात."

बाईंना विचारून मी काकूंनाच बरोबर नेलं. मी चित्रं धरली, त्यांनी वाचलं. पहिल्याच वाक्याला मुलं हसली. आर्या कडेला खाली मान घालून बसली होती. सशाने जागा करून दिल्यावर हत्ती म्हणाला, "ओओकिनी." ओसाकात आभार असेच मानतात. मुलं लोळायची बाकी राहिली.

काकू थांबल्या. हसताय काय, मग त्याने म्हणायचं तरी काय, असं त्यांनी विचारलं.

"आजी, आमच्याकडे आरिगातो म्हणतात."

खणखणीत जपानीत. आर्या उभी राहिली होती. शेजारचा मुलगाही म्हणाला, हो, आरिगातो, आणि मग सगळा वर्गच काकूंना शिकवायला लागला. काकूंनी म्हणून दाखवलं, पण त्यालाही ओसाकाचा हेल होता. आर्याने बाहुल्यांना देते तसा दम देऊन त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मी धरलेलं पान कधी उलटं झालं, मला कळलं नाही.

परतताना काकू सायकल हातात धरून चालत होत्या. मला आर्याला उचलून घ्यावंसं वाटत होतं, पण ती विचारात होती. शेवटी म्हणाली, हत्तीने ओओकिनी म्हटलं तरी चालेल, तो तिकडचा आहे.

"पण आजी, त्याचे बूट चुकलेत. आमच्याकडे टोकं दाराकडे करून ठेवतात. बाई रागावतील त्याला."

काकूंनी घरी जाऊन ते चित्र नव्याने काढलं.