चढावर वाजणारी गाडी: अकोला ते शेंदूरजनाघाट

ताईच्या मुलीचं, पल्लवीचं, साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. अकोल्याहून शेंदूरजनाघाटला एसटीनं जाणं सोयीचं होतं. तरी मी गाडी काढली. गाडी मूळची भाऊजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. दिवाळीनंतर त्यांनी ती मला दिली. पांढरी, पेट्रोलवरची, वीस वर्षांहून जुनी. सपाटीवर चांगली चालते. चढ लागला की वाजते. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवावेत, तसा आवाज इंजिनातून येतो.

भाऊजींना हे ठाऊक होतं का, एवढंच मला पाहायचं होतं. ठाऊक असून त्यांनी गाडी माझ्या गळ्यात मारली असेल, तर त्या घरी पुन्हा कसं जायचं, हा प्रश्न होता. आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणून मला ते एकच घर उरलं आहे.

गाडी घेताना तपासली का नाही, असं वाचणारे विचारतील. आमच्याकडे घरची गाडी तपासत नाहीत. मेकॅनिकला सोबत नेणं म्हणजे देणाऱ्याला चोर म्हणणं. किंमतही ताईनं सांगितली, मी मान हलवली. बोनट कोणी उघडलं नाही.

मार्चचा पहिला आठवडा होता. सकाळी सातला निघाले. अकोला ते बडनेरा चौपदरी रस्ता आहे, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, बाकी चिंता नाही. दोन्हीकडे काळी रानं. हरभरा निघालेला, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या. सपाटीवर गाडी गप्प होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे उड्डाणपूल आला आणि खडे हलले.

आधी माझा संशय पेट्रोलवर होता. म्हणून चार महिन्यांत तीन पंप बदलले होते. आवाज तोच. मग इंजिन तापतं का ते पाहिलं. काटा मधल्या खुणेच्या वर कधी गेला नाही. खालच्या गिअरमध्ये टाकलं की आवाज कमी होतो, पाय जोरात दाबला की वाढतो, दुपारी जास्त येतो, हे लक्षात आलं होतं. अकोल्यातल्या मेकॅनिकला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. त्यानं गाडी चालवूनही पाहिली नव्हती. मी परत आले.

अमरावतीला साडेनऊला पोचले. गिला वडा खायचा असेल तर सकाळीच खा, दुपारी मिळतो तो सकाळचाच असतो. चाळीस रुपयांची प्लेट, वर दही आणि तिखट. गाडीच्या बाजूला उभी राहून खात होते. टपरीवाल्याला विचारलं, जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम इथे कोण करतं. त्यानं चमच्यानं समोरची गल्ली दाखवली. "सलीमभाईकडे जा. पर बोलते भोत."

सलीमभाई खरंच बोलत होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर.

"बाई, आवाज कधी येते? थंडी गाडीत, का गरम झाल्यावर?"

मी सांगितलं. ते गाडी बडनेऱ्याच्या पुलावर घेऊन गेले, मला शेजारी बसवलं. आवाज आला तसा त्यांनी गिअर बदलला, पुन्हा पाय दाबला, पुन्हा ऐकलं. परत आल्यावर प्लग काढून पाहिले आणि इंजिनवर टायमिंगचा दिवा धरला. मला जवळ बोलावून दाखवलं. पेट्रोल पेटवणारी ठिणगी वेळेच्या बरीच आधी पडत होती. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतोय. आवाज त्या झटापटीचा.

"टायमिंग कोणी तरी मुद्दाम पुढे घेतलं," ते म्हणाले. "गाडी गॅसवर होती का?"

"नाही. आर.सी.वर फक्त पेट्रोल आहे."

ते हसले. डिकीतली चटई उचलली. खाली पत्र्याला चार भोकं होती, चौकोनात, रबराची बुचं मारलेली. सिलिंडरची बैठक काढली की अशी भोकं उरतात. गॅस सावकाश पेटतो, त्याला ठिणगी आधी द्यावी लागते, म्हणून गॅसचं किट बसवताना टायमिंग पुढे घेतात. किट काढलं, टायमिंग तिथंच राहिलं.

"आता मागे घेऊन देतो. चहा पिऊन होईपर्यंत काम होते."

"आज नको," मी म्हणाले.

"काहून?"

"परत येताना करा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "बीमारी समजली तरी दवा नको म्हणणारी तुम्ही पहिलीच. कोर्टात न्यायची हाय का गाडी?"

जवळपास तसंच होतं. पुरावा मला चालू हालतीत हवा होता. चढावर खालचा गिअर टाका, पाय हलका ठेवा, नाहीतर पिस्टनला भोक पडेल, असं त्यांनी दोनदा बजावलं. पाहण्याचे पैसे घेतले नाहीत. त्याचाही मला संशय आला.

अमरावतीहून मोर्शी, मग वरूड. रस्ता चांगला आहे, पण संत्र्यांचे ट्रक मध्यावरून चालतात आणि ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो. मोर्शी सोडली की संत्र्याच्या बागा सुरू होतात. मृग बहाराची तोड चालू होती. वरूडच्या अलीकडे रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, भोवती बायका बसून माल निवडत होत्या. विकत घेणार असाल तर ढिगाच्या वरचं फळ पाहू नका. हात खाली घाला.

शेंदूरजनाघाटला दुपारी पोचले. मांडवाचे बांबू अंगणात पडलेले. ताई दारातच भेटली.

"आली का व मंगे! कशी झाली वाळून. खात नाईस का काही?"

भाऊजी मागून आले. त्यांनी आधी गाडीच्या टपावरून हात फिरवला, मग माझी चौकशी केली.

संध्याकाळी पूजेसाठी फळं आणायला बागेत जायचं निघालं. बाग गावाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. रस्ता चढाचा. मी चालवते म्हणाले. भाऊजी शेजारी, ताई मागे. चढ लागला. मी गिअर बदलला नाही, पाय दाबला. खडे हलायला लागले आणि मागून ताई बोलायला लागली. मोठ्यानं.

"तुले सांगतो मंगे, आचारी मले इचारते, वराकडचे लोकं खायाले कसे हाय? म्या म्हणलं, पोरगी द्यायच्या आंधी खायाचं कसं इचारू बाप्पा!"

चढ संपेपर्यंत तिचा आचारी संपला नाही. मला तिचा राग आला. भाऊजी समोर पाहत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं.

बागेत ताई फळं काढत होती तेव्हा मी भाऊजींना एका बाजूला गाठलं आणि विचारलं, "गाडी कधी गॅसवर होती का?"

"गॅसवर?" त्यांनी कानामागे हात नेला आणि तोच वर नेऊन डोकं खाजवलं. "नाई बा. नांदगावच्या चुलतभावानं देली मले. घरचीच गाडी. त्याले काय इचाराचं?"

म्हणजे त्यांनीही बोनट उघडलं नव्हतं. किंवा असं ते म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरूडहून हार आणायचे होते. मी एकट्या भाऊजींना घेतलं आणि वरूडच्या रस्त्याऐवजी गाडी आधी बागेच्या चढावर नेली. बागेत पिशवी विसरली, असं सांगितलं. काचा बंद. मागे बोलायला कोणी नाही. इंजिन वाजलं, कालच्याहून स्पष्ट. सलीमभाईंची ताकीद आठवत होती. तरी पाय तसाच ठेवला आणि भाऊजींकडे पाहिलं.

ते बाहेर झाडं पाहत होते. "मस्त चालते बाप्पा गाडी," ते म्हणाले. "माह्याकडे होती तवाबी अशीच. मी रोज वरूडले जात होतो. आता तुही ताई म्हणते, बसनं जा."

माणूस इतकं सहज खोटं बोलू शकतो, असं मला त्या क्षणी वाटलं. वरूडहून हार घेऊन परत येईपर्यंत त्यांनी दोन-तीनदा काही विचारलं. मी हूं म्हणाले. त्यांना तेही पुरलं.

साक्षगंध अकरा वाजता होतं. पल्लवीच्या निऱ्या मी धरत होते. तिचा मोबाईल वाजला, मग तिच्या वडिलांचा. भाऊजी शेजारच्या खोलीत होते आणि फोन त्यांच्या खिशातच वाजत होता. वाजून बंद झाला.

"बाबा उचलत का नाहीत?" मी विचारलं.

"मावशी, त्यांले बारीक आवाज आयकूच येत नाई. दोन वर्षं झाले. ढोल येते आयकू, रिंग नाई येत. मशीन लावा म्हणलं तर म्हणतात, पोरीच्या सासरचे लोक बहिरा म्हनतीन." ती खाली पाहत हसली. "तू नोको सांगू कोनाले."

बाहेर पाहुणे बसले होते. भाऊजी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत मान हलवत होते, हसत होते, कोणी हसलं की थोड्या उशिरानं. मुलाच्या मामांनी काहीतरी विचारलं. ताईनं भाऊजींच्या वतीनं उत्तर दिलं. मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "भाऊजी, बसा ना निवांत." दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

जेवण उत्तम होतं. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. मी आवाजाबद्दल कोणालाही काही बोलले नाही. गरज उरली नव्हती.

परतताना अमरावतीला सलीमभाईंकडे थांबले. "निकाल काय लागला?" त्यांनी विचारलं. निर्दोष, मी म्हणाले. त्यांनी दिवा धरला, एक नट सैल केला, हातानं डिस्ट्रिब्युटर किंचित मागे फिरवला, नट आवळला. प्लगही नवे घातले. पुन्हा बडनेऱ्याचा पूल. तिसऱ्यांदा चढताना माझी खात्री पटली. इंजिन चढत होतं आणि आवाज फक्त टायरचा होता. जुन्या गाडीचा असा आवाज असेल तर इंजिन खोलण्याआधी टायमिंग पाहून घ्या. आणि डिकीची चटई उचला, गाडी सख्ख्या भावाची असली तरी.

अकोल्याला अंधार पडायच्या आत पोचले. ताईनं दिलेली संत्री काढून टोपलीत ठेवली. तळाची चांगली होती. चार महिने एका माणसाबद्दल मनात जे धरून बसले होते, त्याचं आता काय करायचं, ते कळत नव्हतं. ते गेलं, असं म्हणवत नव्हतं. नुसतं मोकळं झालं होतं.

ताईचा फोन आला.

"पोचली का व?"

"पोचले."

"तरास नाई ना देला गाडीनं? मोर्शीच्या चढावर ते टकटक वाजते न..."

ती थांबली. त्या आवाजाबद्दल त्या घरात मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि मोर्शीच्या चढावर ताई माझ्यासोबत नव्हती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

तिचा आवाज हळू झाला. पलीकडे भाऊजी असणार, हे कळलं, आणि हळू बोलायची गरज नाही हेही.

"ह्यांच्या हातातून गाडी काढाची होती मले. दोन खेपा ट्रकचा हॉर्न आयकू नाई आला ह्यांले. एकदा पल्लवी होती मांगं बसलेली. परक्याले इकाले तयार नव्हते. तुले देऊ म्हणलं, तं एका शब्दात हो म्हणले."

"मग मला सांगायचं होतंस. आवाजाचं तरी."

"सांगतलं असतं तर घेतली असती का तू?"

मी खरं उत्तर शोधलं. ते लगेच सापडलं.

"नाही."

"म्हणून," ताई म्हणाली.