आपल्या बाईचं शेवटचं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलांपाशी नाही, आणि देवापुढे हात जोडले की दरवेळी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून जमतंय. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे सांगताना त्याचं तोंड बघावं लागतं— ते मला झेपायचं नाही.

तशी गोष्ट एका कादंबरीची आहे. म्हणजे आहे आणि नाही. पण सुरुवात तिथूनच करते.

मला वाचायचं वेड, आणि तेही जुनंच पुन्हा वाचायचं. घरातले हसतात. शेवट ठाऊक असलेलं काय वाचायचं, म्हणतात. आता ह्यांना काय सांगू? शेवट ठाऊक असतो म्हणून तर जीव स्वस्थ असतो, आजूबाजूला बघता येतं. विशीत वाचलं तेव्हा मला फक्त तो आणि ती दिसायची, मधली पानं मी बोटाला थुंकी लावून भराभर उलटायची. पस्तिशीत तीच कादंबरी उघडली तर त्यात एक सासू बसलेली— अगंबाई, ही आधी कुठे होती? आणि आता साठीला टेकल्यावर मी त्या लोकांनी जेवायला काय केलं होतं ते बारकाईने वाचते. शब्द तेच असतात. पण दरवेळी कुणीतरी आत येऊन सामान हलवून गेल्यासारखं वाटतं.

आमचं गाव पौडच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. श्रावणात इथे ढग घरात शिरतात. खोटं नाही सांगत, मागच्या दाराने येतात आणि पुढच्या दाराने जातात, मधे चुलीपाशी थोडे रेंगाळतात. पुस्तकाची पानं इतकी मऊ पडतात की उलटताना आवाजच होत नाही. बुरशी धरू नये म्हणून मी माझ्या कादंबऱ्या तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते, लग्न झाल्यापासून. त्यामुळे माझ्या सगळ्या कादंबऱ्यांना आंबेमोहोराचा वास येतो. भात रटरटायला लागला की मला अजूनही कुणाची तरी ताटातूट आठवते.

ह्या असल्या धुक्यातल्या दुपारी मला वाचायला मिळाल्या त्या शालनमुळे.

शालन माझी धाकटी जाऊ. दुसरीतून शाळा सुटलेली, एसटीची पाटी अक्षर अक्षर जुळवून वाचायची, त्याच्यापुढे नाही. लावण्या उरकल्या की दुपारी सासूबाई आडव्या व्हायच्या, आणि आम्ही दोघी मागच्या पडवीत सुपं घेऊन बसायचो. एकदा मी सुपाआड पुस्तक धरून वाचत होते ते तिने बघितलं. मला वाटलं, आता चहाडी होणार. तर म्हणाली, "आक्का, मोठ्यानं वाचा. तुमच्या वाट्याचं बी मीच निवडते." झालं, तेव्हापासून ठरून गेलं. मी वाचायची, ती दोघींचं निवडायची. मग दोघींचं पाखडायची. मग दोघींच्या वाट्याचं पाणीही तीच आणायला लागली, कारण मधेच उठलं की गोष्ट तुटते. सासूबाईंना वाटायचं मी पोथी वाचते. त्या आतून अधूनमधून हात जोडायच्या.

आता त्या कादंबरीचं. नाव सांगत नाही, सांगूनही तुम्हाला मिळायची नाही. पौडच्या वाचनालयातून आणलेली, पुठ्ठा निघालेली. एक बाई असते. तिचा नवरा तिला मारतो. एक दिवस ती कापडी पिशवीत दोन लुगडी भरते आणि निघून जाते. तालुक्याच्या गावी खोली घेते, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागते. एवढंच. पण आम्ही दोघी त्या बाईच्या इतक्या नादी लागलो की शालन तिला "आपली बाई" म्हणायला लागली. भाकरी थापताना मधेच म्हणायची, आपल्या बाईला आज बी बस चुकली असंल का ओ. स्वप्नात चालावं तसे ते दिवस गेले— बाहेर काही दिसत नाही, डोंगर नाही, पाणी नाही, फक्त माझा आवाज आणि तिच्या सुपाचा आवाज. आयुष्यातलं माझं सगळ्यात सुखाचं वाचन ते. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या सुखापायी झालं.

माझा दीर शालनला मारायचा.

बघा, हे मी किती लांबवलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय माझी जुनी. आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं. एका भिंतीचं तर अंतर. एकदा तिचं मनगट मोडलं, ते नीट बसलंच नाही, अजूनही ती सूप तिरकं धरते. तिचं मनगट बांधलं होतं तेव्हासुद्धा मी वाचत होते, आणि ती एका हाताने निवडत होती. मी "ठेव गं आज" म्हटलं का? म्हटलं असेल. आठवत नाही. म्हणजे म्हटलं नसणार.

त्या साली गौरीला तिची बहीण आली. बहीण उरवड्याला कारखान्यात पॅकिंगला होती, खोली करून राहायची. तिने शालनसाठी शब्द टाकला होता. गौरी गेल्या की लेकीला घेऊन ये, म्हणाली, पुढचं मी बघते. शालनने हे फक्त मला सांगितलं. तिच्या खोलीच्या दाराआड पिशवी लटकत होती, फुगलेली. मी रोज येता-जाता बघायची.

तिने मला "जाऊ का" असं विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काय बोलले असते कोण जाणे— कदाचित जा म्हटलं असतं, तोंडदेखलं का होईना. आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंना कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर काम करायचं, डावी पडली तर नाही. शालनने कौल लावला तो पुस्तकाला.

गौरी गेल्या त्या दुपारची गोष्ट. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ती सूप न घेताच बसली. म्हणाली, "आक्का, ह्यात ल्हिवलंय ते खरं असतंय न्हवं?"

मी म्हटलं, "खरंच असतं. उगाच कोण छापेल?"

"मग वाचा. आपली बाई करती तसं मी करनार."

शेवटचं पान मी आधीच वाचलेलं होतं. मी नेहमीच आधी वाचते, ती खोड आहे. त्यात नवरा तिला न्यायला येतो. ती त्याला पाहुण्यासारखं बसवते, चहा देते, तो बशीत ओतून पितो. मग छापलंय ते असं— तो उठला. ती उठली नाही. एवढंच, संपली कादंबरी. माझ्या तर ते वाचून अंगावर काटा आला होता, इतकं ते सुरेख होतं.

मी वाचलं— तो उठला. तीही उठली.

आणि तिथे थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. मी पुढे रचत गेले. डोळे पानावर, आणि तोंडाने नसलेल्या ओळी. तिने पिशवी घेतली. बांधावरून ती त्याच्यामागून चालली. घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि सासूने उंबऱ्यात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. शालन भाकरतुकड्याला रडली. आणि मला— हे कसं सांगू?— मला बरं वाटलं. माझ्या ओळीला कुणीतरी रडलं म्हणून आतून गुदगुल्या झाल्या. इतकी हलकट मी.

संध्याकाळी दाराआड पिशवी नव्हती. लुगडी परत ट्रंकेत गेली होती.

का केलं असं? इतकी वर्षं मी स्वतःला चांगली चांगली कारणं सांगत आले. तिची लेक लहान होती. लोक काय म्हणाले असते. एकटी बाई, परक्या गावात कसं निभावलं असतं. ह्यातलं एकही त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. मनात काय होतं सांगू? ही गेली तर उद्यापासून पाणी मी आणायचं. म्हशी मी बघायच्या. दोघींचं धान्य मी एकटीने निवडायचं, सासूबाईंचं दुखणं मी एकटीने काढायचं, आणि दुपारी पडवीत कुणी ऐकायला नसणार, आणि वाचायला मला वेळच उरणार नाही. माझ्या दुपारी जातील, बस्स. माझ्या त्या दुपारींसाठी मी एका बाईला मार खायला ठेवून घेतलं.

त्यानंतर दीर पुष्कळ वर्षं जगले. पुष्कळ वर्षं भिंतीपलीकडून ऐकू येत राहिलं. आवाज चढला की मी हातातलं पुस्तक डोळ्यांच्या आणखी जवळ धरायची. मग त्यांना अंथरूण धरावं लागलं तेव्हा त्यांचं सगळं शालननेच केलं, त्या तिरक्या हाताने. आता ते नाहीत.

कादंबरी मी वाचनालयाला परत केली नाही. हरवली म्हणून सांगितलं आणि बदल्यात माझी दोन पुस्तकं दिली. दुसऱ्या कुणी शालनला ती वाचून दाखवली असती तर? चोराच्या मनात चांदणं. आता आमच्या वरच्या खोल्यांत उरवड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरी भाड्याने राहतात. सकाळी डबे घेऊन हसत-खिदळत कंपनीच्या गाडीकडे धावतात, आणि शालन ओट्यावर बसून त्यांच्याकडे गाडी वळेपर्यंत बघत राहते. त्यांच्यातलीच एक परवा तांदळाच्या डब्यातून नेमकं तेच पुस्तक काढून चाळायला लागली, तर मी तिच्या हातातून हिसकावून घेतलं. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

कारण शालनला ती कादंबरी दरसाल श्रावणात ऐकायची असते, पहिल्या पानापासून. आणि मी दरसाल वाचते. ती लबाडीही आता इतकी सरावाची झाली आहे की कुठे अडखळत नाही. उलट सुधारत गेली आहे— बांधावर चिखल आला, सासूच्या हाताला कंप आला. कधी कधी मी एकटीच ती उघडून बसते, आणि दोन ओळींच्या मधून ती बांधावरून चाललेली बाई मला दिसायला लागते, तिची पाठ, हातातली पिशवी, आणि पुढे सगळं धुकं. जे छापलंय ते पुसट होतं आणि जे नाही तेच स्पष्ट होतं. मग मला बोट ठेवून ठेवून वाचावं लागतं— ती. उठली. नाही. दुसरीतल्या मुलासारखं.

ह्या श्रावणातही वाचली. शालन आता थकली आहे, सूप मांडीवर घेते आणि नुसतंच चाळवत बसते. नवरा बशीत चहा ओततो तिथवर आले, आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत ती वाचताना मधे कधी बोलली नव्हती.

म्हणाली, "आक्का, दर साली हितं आल्यावर मला वाटतंय, ह्या खेपंला ती न्हाई उठायची. बसूनच ऱ्हाईल." मग स्वतःशीच हसली. "येडीच हाय मी. छापल्यालं कुटं बदलतंय व्हय?"

पान माझ्यासमोर उघडं होतं. मारायला कुणी उरलं नव्हतं. पाणी आता नळाला येतं, म्हशी केव्हाच विकल्या. माझं काहीही जाणार नव्हतं. मला नवं काही सांगायचं नव्हतं, माफी मागायची नव्हती, नुसतं जे होतं ते वाचायचं होतं. तीन शब्द.

मी चष्मा सारखा केला. बाईला उठवलं, पिशवी तिच्या हातात दिली, आणि बांधावरून नवऱ्यामागे चालवत घरी आणलं.