ताईचं बोलणं, जसंच्या तसं

धाकटीच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली, त्या दिवसाची ही गोष्ट. मुलाच्या वडिलांना फक्त इंग्रजी कळायचं. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जमवलेल्या इंग्रजीत ती म्हणाली, "माय हजबंड एक्सपायर्ड."

शेजारी थोरली बहीण बसली होती. पहिल्यापासून इंग्रजी शाळेत शिकलेली. ती खो खो हसली. "एक्सपायर औषधं होतात गं! माणसं मरतात."

सगळे हसले. धाकटीची लेकसुद्धा. धाकटीनं मुकाट्यानं भाताचं भांडं पुढे केलं, पण अंगाचा तिळपापड झाला होता. हिला हिच्याच इंग्रजीत पाणी पाजायचं, असं तिनं तिथेच ठरवलं.

तिनं वरच्या इयत्तांच्या इंग्रजी भाषेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्ग संध्याकाळी, दुकान सुटल्यावर. तिला वाटलेलं, व्याकरण घोटून घेतील, ताईचे दात घशात जातील असे जडजड शब्द शिकवतील. पण सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे तुमच्या चुका कुणी काढणार नाही. लोक खरोखर कसे बोलतात, ते आपण ऐकायचं."

"मग आम्ही शिकायचं काय, डोंबल?" ती शेजारणीच्या कानात पुटपुटली.

शिकायला पुष्कळ निघालं. लहान मुलं भाषा कशी उचलतात, जुन्या जाहिरातींतले शब्द कसे बदलले, कुणाच्या उच्चारांना लोक का हसतात. 'एक्सपायर' म्हणजे मरणं हा अर्थ तर शब्दकोशातच सापडला. पण धाकटीचे कान टवकारले ते बोलण्यातल्या सत्तेच्या धड्याला. खरं संभाषण ध्वनिमुद्रित करायचं, अडखळण्यासकट जसंच्या तसं उतरवायचं आणि कोण कुणाला तोडतं ते शोधायचं. वर्षाचा प्रकल्पही त्यावरच करता येणार होता.

ताईच्या घरी सगळे इंग्रजीतच बोलत. तिथलं जेवतानाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला धाकटीनं सगळ्यांची परवानगी मागितली. ताई तर खूशच झाली. "कर की! निदान चांगलं इंग्रजी तरी ऐकतील तुझे सर."

धाकटीनं कान देऊन एकेक वाक्य उतरवलं. भावजींनी बरीच वाक्यं सुरू केली होती, संपवलं एकही नव्हतं. ताई प्रश्न विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची.

सरांचा नियम होता: ज्याचं बोलणं, त्याला आधी दाखवायचं, तो नको म्हणाला तर सोडून द्यायचं. धाकटी कागद घेऊन ताईकडे गेली. दाखवून मोकळी झाली असती, पण म्हणाली, "प्रत्येकानं आपापलं मोठ्यानं वाचा बरं. नाटकासारखं."

मुलांना गंमत वाटली. भावजींनी चष्मा चढवला. "आय थॉट वी कुड..." ते थांबले. पुढचं ताईचं होतं. पुन्हा त्यांची पाळी. "नो, बट आय..." पुन्हा ताई. पोरं हसली, मग हसायची थांबली. भावजी कागद उलटून बघायला लागले.

"पुढे काही नाहीये, भावजी," धाकटी शांतपणे म्हणाली. "तेवढंच बोलू दिलंय तुम्हाला."

ताईचा चेहरा उतरला. "फाड ते! माझी परवानगी नाही."

धाकटीनं तिथल्या तिथे कागद फाडले, ध्वनिमुद्रणही पुसलं. प्रकल्प गेला. मग उरलेल्या दिवसांत शेजारच्या चिमुरडीच्या बोबड्या इंग्रजीवर तिनं नवा प्रकल्प केला आणि ती बऱ्या गुणांनी पास झाली. ताईनं मात्र बोलणं टाकलं.

आईचा जीव तुटायचा. "मिटवा गं आता. तूच धाकटी, तूच नमतं घे."

"आई, तिनं माझ्या गेलेल्या नवऱ्यावरून हसून घेतलं. मी तिच्या जित्या नवऱ्याला नुसतं वाचायला लावलं."

त्यानंतर भावजी अधूनमधून दुकानात यायला लागले. कधी चष्म्याची काडी सैल झाली म्हणून, कधी उगीचच. स्टुलावर बसून बोलत राहायचे, लहानपणाचं, नोकरीचं, मनात राहून गेलेलं. धाकटी काच पुसत ऐकायची. मध्ये 'हं'सुद्धा म्हणायची नाही.

एके दुपारी ताईचा फोन आला, कित्येक महिन्यांनी. "हे तुझ्याकडे येऊन बसतात म्हणे. काय बोलतात गं इतकं?"

"खूप काही," धाकटी म्हणाली. ताईचं पुढचं वाक्य अर्धंच झालं होतं, तेवढ्यात धाकटीनं फोन ठेवला.