पुढच्या दारानं

इंदापूरला स्टँडजवळच्या हॉटेलात मी डोसा खात होतो. साठीच्या एक बाई दारात घुटमळत होत्या. शेवटी पदर सावरत आत आल्या आणि माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या.

"निरवांगीची मी. वीस वर्सं हितं कोथमीर देते, मागच्या दारानं," त्यांनी मला सांगितलं. "पुढनं आज पयल्यांदा आले."

वेटर आला तेव्हा त्यांनी माझ्या डोशाकडं बोट दाखवलं. ताटलीबाहेर गेलेला तो लांबलचक डोसा समोर आल्यावर त्या तोंडावर हात ठेवून खुदकन हसल्या. मग मात्र चटणीसकट सगळा संपवला.

"मावशी, आणखी काय आणू?" वेटरनं विचारलं.

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. "पुन्यांदा इचार बरं."

तो गोंधळला, पण त्यानं पुन्हा विचारलं.

"घरात जल्मभर मीच समद्यास्नी असं इचारत आले," त्या मला म्हणाल्या. "मला इचारनारा ह्यो पयलाच!"

हॉटेल म्हणजे विकतचं खाणं, एवढंच मी आजवर समजत होतो.

बाई आता खुर्चीत ऐसपैस मागं टेकल्या.

"आनखी एक डोसा," त्यांनी फर्मावलं. "आन सावकाश आन. मला काय घाई न्हाय."